हलूमी ओव्हनमध्ये घातलं, खोडरबर बाहेर आलं. कुठे चुकलं?

गोदाकाठची (धागाकर्ती)
११ फेब्रुवारी, रात्री ९:४०

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा रडायचंही आहे.

मागच्या आठवड्यात कॉलेज रोडवरच्या एका दुकानात हलूमी चीज दिसलं. दोनशे ग्रॅमची वडी, साडेचारशे रुपये. लेकीने कुठल्याशा रीलमध्ये पाहिलेलं, त्यामुळे दुकानातच हट्ट सुरू. दोन घेतल्या तर सूट होती, मग दोन घेतल्या (हो, मी तशीच आहे). दिवाळीत घेतलेला ओटीजी (टेबलावरचा विजेचा ओव्हन) आजवर फक्त ब्रेड भाजत होता, त्याचंही सार्थक होईल म्हटलं.

खोलगट काचेच्या भांड्यात चार मोठे टोमॅटो चिरून, दोन ढोबळ्या मिरच्या, एक कांदा, सढळ हाताने ऑलिव्ह तेल. वरून मीठ, मिरपूड, ओरेगॅनो. त्यावर हलूमीचे चौकोनी तुकडे. १८० वर चाळीस मिनिटं. वरचं चीज छान वितळून सोनेरी थर येईल या आशेवर मी काचेतून बघत बसले होते.

वितळलं नाहीच. बाहेर आलं ते टोमॅटोचं सार आणि त्यात पोहणारे पांढरे खोडरबर. मीठ इतकं की लेकीने दोन ग्लास पाणी प्यायलं. मुलाने एक तुकडा टेबलावर आपटून उडवून दाखवला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे चावायचं की चघळायचं?" नवरा काही बोलला नाही, फक्त "साडेचारशेत किलोभर पनीर आलं असतं" एवढंच. म्हणजे बोललाच.

दुसरी वडी फ्रीजमध्ये आहे. तिचं काय करू? ओव्हनमध्येच करायचं आहे, तव्यावर परतून खा असं सांगू नका, ते मला सुचलेलं आहे.

---

निफाडचा_गारठा
११ फेब्रुवारी, रात्री ९:५८

पहिला! दुसरी वडी मुलाला द्या. शाळेत खोडरबर हरवला म्हणून रोज रडतात ती पोरं, वर्षभराची सोय होईल.

---

कॅनडाकॉर्नर
११ फेब्रुवारी, रात्री १०:१२

सार गाळून घेऊन वरून जिऱ्याची फोडणी दिली असतीत तर निम्मे पैसे वसूल होते. :)

गंभीरपणे विचारतो, हलूमी आणि पनीर यात फरक काय? दोन्ही पांढरं, दोन्ही वितळत नाही. मग जास्तीचे पैसे कशाचे? नावाचे?

---

मावशी६४
१२ फेब्रुवारी, सकाळी ६:२०

मी भाचीकडे खाल्लंय एकदा. मला ते घट्ट खरवसासारखं वाटलं, पण खारट. आणि दातांखाली चीं चीं वाजतं, नव्या कोल्हापुरी चपलेसारखं. आमच्या पंचवटीत अशी वस्तू चालणार नाही. पण गरम होतं तोवर बरं लागलं, खोटं कशाला बोलू.

गोदाकाठची, चीजला मुळातच मीठ असतं गं. तू वरून कशाला घातलंस?

---

ताकातला_अभियंता
१२ फेब्रुवारी, सकाळी ८:४५

कॅनडाकॉर्नर, दुग्धतंत्र शिकलेला माणूस आहे, त्यामुळे या प्रश्नाला गप्प बसवत नाही. थोडं लांबेल.

पनीर करताना आपण जवळजवळ उकळत्या दुधात लिंबू किंवा आम्ल घालतो. हलूमीत आम्ल नाही आणि विरजणही नाही. कोमट दुधाला रेनेट (दूध घट्ट लावणारं एंझाइम) लावतात, दही लागल्यासारखा घट्ट चक्का होतो, तो कापून, दाबून वड्या पाडतात. इथवर बऱ्याच चीजांसारखंच. खरी गंमत पुढे आहे. त्या वड्या त्यांच्याच निवळीत, म्हणजे व्हेमध्ये, ९० अंशांच्या वर अर्धा तास तरी शिजवतात. मग मीठ आणि पुदिना लावून दुमडतात.

मोझरेला ताणलं जातं, कारण तिथे दूध आंबवलेलं असतं. पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ५.२च्या आसपास उतरला की प्रथिनांना बांधून ठेवणारं कॅल्शियम सुटतं, जाळी सैल होते आणि गरम झाल्यावर वाहते. हलूमीत आंबवणच नाही, पीएच सहाच्या आसपास किंवा वर राहतो, कॅल्शियम जागच्या जागी. वर ती जाळी एकदा निवळीत शिजून पक्की झालेली. तुमचा ओटीजी तिला काय वितळवणार? २२० वर ठेवा नाहीतर २५० वर, ती फक्त बाहेरून लाल होणार.

पनीरही वितळत नाही, पण त्याचं कारण वेगळं. उकळीला दुधातली निवळीची प्रथिनं केसीनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, चिकटतात, वर आम्लाने सगळं एकदम फाटतं. त्यामुळे पनीर ठिसूळ आणि पाणी धरून ठेवणारं. आपल्याकडे पनीरमध्ये ६० टक्क्यांपर्यंत पाणी चालतं, हलूमी मूळचं सायप्रसचं, तिथल्या नियमात ताज्या हलूमीला मर्यादा ४६ टक्क्यांची आहे. म्हणून हलूमी भाजलं की कड धरतं. पनीर आधी पाणी सोडत बसतं आणि मग वाळतं.

मावशींची चीं चीं म्हणजे ती न तुटलेली प्रथिनांची जाळी दातांवर घासल्याचा आवाज. चीज खराब नव्हतं.

---

मावशी६४
१२ फेब्रुवारी, सकाळी ९:०२

एवढं सगळं चपलेच्या आवाजात असेल असं वाटलं नव्हतं.

---

ओटीजी_बाबा
१२ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

धागाकर्तीचा गुन्हा चीजचा नाही, भांड्याचा आहे. खोलगट काचेचं भांडं, त्यात चार टोमॅटो, १८० अंश. याला भाजणं म्हणत नाहीत, वाफवणं म्हणतात. भाज्यांचं पाणी निघतं, भांड्याच्या भिंतींमुळे वाफ अडकते, आणि पाणी आहे तोवर तिथलं तापमान शंभराच्या वर जातच नाही. चाळीस मिनिटं हलूमी उकळत होतं बिचारं.

ओटीजीसोबत जो काळा उथळ ट्रे येतो तो घ्या. (तोच, जो पहिल्या दिवशी खोक्यातून काढून माळ्यावर टाकला असेल.) भाज्या एका थरात, एकमेकींना न खेटता. टोमॅटो चिरायचे नाहीत. चेरी टोमॅटो अख्खे, नसतील तर आपले टोमॅटो अर्धे करून बिया आणि रस काढून टाका, कापलेली बाजू वर. २२० अंश, वरखाली दोन्ही रॉड चालू, आधी पंधरा मिनिटं रिकामा ओव्हन तापवायचा. भाज्या एकट्याच पंचवीस मिनिटं. मिरचीच्या कडा काळसर व्हायला लागल्या की मगच हलूमी ट्रेवर. ते जास्तीत जास्त बारा ते पंधरा मिनिटं. शेवटची तीन-चार मिनिटं ट्रे वरच्या खाचेत सरकवून फक्त वरचा रॉड. तिथून हलायचं नाही, फोन घ्यायचा नाही.

दुसरं. ओटीजीच्या चकतीवर विश्वास ठेवू नका. मी ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आणला, तेव्हा कळलं की माझा २२० दाखवतो तेव्हा आत १९० असतात. सहा वर्षं केक का बसतात म्हणून बायकोला... जाऊ दे.

तिसरं, पंधराशे-सोळाशे वॉटचा ओटीजी १६ अँपच्या मोठ्या पॉइंटवरच लावा. मिक्सरच्या सॉकेटला अडॅप्टर जोडून लावणारे लोक मी पाहिलेत. प्लग हाताला गरम लागला की समजायचं.

---

निफाडचा_गारठा
१२ फेब्रुवारी, सकाळी ११:४१

बाबा, केकचं पूर्ण सांगा. बायकोला काय?

---

ओटीजी_बाबा
१२ फेब्रुवारी, दुपारी १२:०५

अवांतर टाळा.

---

लिमासोलची_नाशिककर
१२ फेब्रुवारी, दुपारी ३:१५

वाचनमात्र होते, पण हलूमीचा धागा आणि तोही नाशिकचा, राहवलं नाही! माहेर अशोकस्तंभाजवळचं, नवऱ्याची नोकरी जहाज व्यवस्थापनाच्या कंपनीत, म्हणून सात वर्षं सायप्रसला. इथे आपल्याकडे दही असतं तसं घरोघर हलूमी असतं. ग्रीक बोलणारे 'हलूमी' म्हणतात, तुर्की बोलणारे 'हेलीम'. बेट राजकारणात दुभंगलेलं आहे, पण चीज दोन्ही बाजूंचं. २०२१ मध्ये युरोपियन युनियनने या नावाला संरक्षण दिलं ते दोन्ही नावांना मिळून दिलं. आपल्याकडे लासलगावच्या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे तसंच समजा. तेव्हापासून तिकडे हे नाव सायप्रसबाहेरच्या कुणाला वापरता येत नाही. त्यावरून इथेही भांडणं आहेत. मूळचं हलूमी मेंढी-शेळीच्या दुधाचं. मागणी वाढल्यावर गाईचं दूध वाढत गेलं, आता नियम म्हणतो मेंढी-शेळीचं दूध जास्त हवं, आणि तेवढ्या शेळ्या आणायच्या कुठून, असं ते प्रकरण.

आता कामाचं. मिठाचं गणित आधी करा. पाकिटामागे बघा, शंभर ग्रॅमला अडीच ते तीन ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, म्हणजे एका माणसाने अर्धी वडी खाल्ली तर निम्मा किंवा त्याहून जास्त कोटा तिथेच संपला. बीपी असलेल्यांनी चवीपुरतेच दोन काप. आमच्या शेजारची आजी वडी अर्धा-पाऊण तास साध्या पाण्यात ठेवते, मध्ये एकदा पाणी बदलते. मग फडक्याने टिपून अगदी कोरडी करते. ओली वडी ओव्हनमध्ये गेली की आधी पाणी उडवण्यातच वेळ जातो आणि तोवर आतून चिवट होते. भाज्यांना मीठ घालायचंच नाही.

आणि कापायची कशी ते कुणीच सांगितलं नाही! वडी नीट बघा, मधोमध एक दुमड दिसेल, घडी घातलेल्या पोळीसारखी. त्या दुमडीच्या रेषेत कापलंत तर कापाचे दोन पापुद्रे होतात. आडवी कापा, बोटभर जाड. पातळ काप ओव्हनमध्ये पापड होतो.

---

गोदाकाठची
१२ फेब्रुवारी, दुपारी ४:००

अय्या, ती दुमड! मी तिला भेग समजले आणि वाटलं वडी फुटकी लागली.

लिमासोलची, तुमच्याकडे ओव्हनमध्ये काय काय करतात ते सविस्तर लिहा ना.

---

लिमासोलची_नाशिककर
१२ फेब्रुवारी, सायंकाळी ५:२०

इथे वडी अख्खी वापरण्यापेक्षा किसून घालण्याचं प्रमाण जास्त. किसलेलं हलूमी वितळून तार धरत नाही, पण सगळीकडे खारट, भाजका दाणा येतो.

सणासुदीचं आणि रविवारचं जेवण म्हणजे 'माकारोनिया तू फुर्नू', ओव्हनमधला मॅकरोनी. लांब नळीचा पास्ता, मधे खिम्याचा थर, वर जाड पांढरा सॉस. पास्त्यात आणि सॉसमध्ये किसलेलं हलूमी आणि सुका पुदिना. मी खिम्याऐवजी मसूर घालते, उकडून, कांदा-टोमॅटो आणि चिमूटभर दालचिनीवर परतून. हो, दालचिनी, इथे ती खाऱ्या पदार्थात जाते. सॉसला अर्धा लिटर दूध, तीन मोठे चमचे लोणी, तितकाच मैदा, आणि मूठभर हलूमीचा कीस, मीठ अजिबात नाही. १८० वर पाऊण तास. काढल्यावर वीस मिनिटं हात लावायचा नाही, नाहीतर वड्या पडत नाहीत, सगळं ओघळतं. इथे खोलगट भांडं चालतं, बाबा रागावू नका.

ईस्टरला 'फ्लाऊनेस'. आपल्या करंजीची जाडजूड मावशी समजा. यीस्टच्या पिठाची पोळी, तिची एक बाजू तिळात दाबलेली. आत किसलेलं चीज, अंडी, पुदिना, बेदाणे. कडा आत दुमडून त्रिकोण किंवा चौकोन करतात, मधलं सारण उघडं राहतं आणि ओव्हनमध्ये फुगून वर येतं. ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात दूधदुभतं, अंडी वर्ज्य असतात, म्हणून उपास सुटताना हे. पहिल्या वर्षी खारट चीजमध्ये बेदाणे बघून मी नाक मुरडलं होतं. आता नाशिकहून येताना बेदाणे मीच आणते, इथल्यांपेक्षा चांगले निघतात.

उन्हाळ्यात मात्र ओव्हन बंद. हलूमी आणि थंडगार कलिंगड, बस्स.

---

दिंडोरीकर
१२ फेब्रुवारी, रात्री ८:३०

कलिंगड चालतंय तर द्राक्ष का नाही?

आमच्याकडं सध्या काढणी चालू हाय. मालाची पॅकिंग झाली की घडातून सुटलेले मणी क्रेटच्या तळाला राहतात. चांगले असतात, पण घडात नाही म्हणून भाव नाही. मागल्या साली पुण्याच्या पाहुण्याने ते काळे मणी ओव्हनमध्ये भाजले, तेल आन् मिरी लावून. फुटून पाक सुटतो. तो पाक भाकरीला लावून खाल्ला आम्ही. या तुमच्या खारट चीजसंगं लागंल का बघा.

---

ताकातला_अभियंता
१२ फेब्रुवारी, रात्री ८:५१

दंडवत. लागणारच. गोड, आंबट आणि खारट, तिन्ही एका ट्रेवर.

फक्त मणी नीट धुऊन, पुसून घ्या. फवारणीही असते आणि ओल्या मण्यांना पाणी सुटून पुन्हा सार व्हायचं. आणि बी नसलेलीच द्राक्षं. वाईनच्या जातींना बी असतं, भाजल्यावर दाताखाली कचकचतं.

---

अमृता_क
१३ फेब्रुवारी, सकाळी १०:१०

मी घरी हलूमी करायला गेले होते लॉकडाऊनमध्ये, त्याची कहाणी सांगते. तीन लिटर दूध, मागवलेलं रेनेट, व्हिडिओ बघून सगळं तंतोतंत. दोन तास वाट पाहिली, दूध लागलंच नाही. वर नुसती पातळ मलईसारखी लिबलिब. रेनेट जुनं असेल म्हणून विकणाऱ्याला चार शब्द सुनावले. अजून कळलेलं नाही काय झालं ते. शेवटी लिंबू पिळून पनीर केलं आणि तेही धड झालं नाही.

---

ताकातला_अभियंता
१३ फेब्रुवारी, सकाळी १०:४०

अमृता, एकच प्रश्न. दूध आल्याआल्या तापवलं होतंत का?

---

अमृता_क
१३ फेब्रुवारी, सकाळी १०:४४

अर्थात! दूध आलं की आधी तापवायचं, मग बाकीचं. आईने हेच शिकवलं.

---

ताकातला_अभियंता
१३ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

सापडलं. विकणाऱ्याची माफी मागा.

रेनेट दुधातल्या ज्या प्रथिनावर काम करतं, त्याच्यावर उकळीमुळे निवळीची प्रथिनं जाऊन बसतात. मग रेनेटला पकडायला जागाच नाही. दूध उकळून फाडायचं तर पनीर, रेनेट लावायचं तर न उकळलेलं दूध. पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असतं, ते न उकळता वापरा. त्यात चिमूटभर खाद्य दर्जाचं कॅल्शियम क्लोराइड घातलं तर चक्का घट्ट येतो. लांब टिकणारं खोक्यातलं दूध मात्र अजिबात नको, ते फार जास्त तापवलेलं असतं.

गवळ्याकडचं कच्चं दूध असेल तर ६३ अंशांवर अर्धा तास धरून मग ३२-३४ ला थंड करा. शेळीचं दूध असेल तर हे चुकवू नका, कच्च्या दुधातून ताप येणारे आजार होतात. रेनेट उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्याला मारतं. पाऊण तासाने सुरीने चिरून बघा, स्वच्छ चीर पडून त्यात हिरवट पिवळी निवळ दिसली की झालं. सेंटीमीटरचे तुकडे कापा, हळूहळू ढवळत ४० अंशांपर्यंत न्या, कापडात बांधून तासभर दाबा. तोवर निवळ ९० वर तापवली की वर मऊ रवाळ साका येतो. तो काढून घ्या, फेकू नका.

मग वड्या त्याच निवळीत सोडायच्या. आधी तळाशी बसतात. अर्ध्या तासात हळूच वर येऊन तरंगायला लागतात. मला हा क्षण दर वेळी आवडतो, अनारसा तुपात वर येतो ना, तसा. काढून गरम असतानाच मीठ आणि सुका पुदिना चोळून दुमडायच्या. पाच लिटर गाईच्या दुधाला साधारण अर्धा किलो पडतं.

---

लिमासोलची_नाशिककर
१३ फेब्रुवारी, दुपारी १:३०

तो साका म्हणजे इथली 'आनारी'! गरम गरम, वर मध किंवा कॅरोबच्या शेंगांचा काकवीसारखा पाक घालून नाश्त्याला. तिकडे काकवीच घाला.

---

मावशी६४
१३ फेब्रुवारी, दुपारी २:१५

ते रेनेट म्हणजे वासराच्या पोटातलं ना? आमच्याकडे चालायचं नाही.

---

ताकातला_अभियंता
१३ फेब्रुवारी, दुपारी २:३२

मूळचं तेच, मावशी. पण आता सूक्ष्मजीवांपासून केलेलं मिळतं आणि इथलं बरंचसं चीज त्याच रेनेटचं असतं. वेष्टनावर हिरवा ठिपका बघायचा. परदेशी वडी असेल तर घटकांच्या यादीत रेनेट कुठलं ते वाचायचं.

---

कॅनडाकॉर्नर
१३ फेब्रुवारी, दुपारी ३:००

शेळीचं दूध म्हटलं की आठवलं, आपल्या नाशिक-नगर पट्ट्यात संगमनेरी जातीच्या शेळ्या आहेत की. कुणी करत नाही का त्यांच्या दुधाचं हे? मागणी असेल तर...

---

दिंडोरीकर
१३ फेब्रुवारी, रात्री ९:१०

शेळी पाळून बघा मग बोला. दूध वाटीभर आन् पानं खाती द्राक्षाची.

---

निफाडचा_गारठा
१३ फेब्रुवारी, रात्री ९:१४

द्राक्षाची पानं खाल्लेल्या शेळीचं हलूमी, वर भाजलेली द्राक्षं. सायप्रसवाले नाव मागायला नाशिकला येतील.

बाकी माझा प्रयोग सांगतो, हसू नका. भावनगरी मिरच्या उभ्या चिरून, बिया काढून, आत किसलेलं हलूमी, दाण्याचा कूट, लसूण, थोडी कोथिंबीर. मीठ शून्य. २०० वर अठरा मिनिटं. आमच्याकडे थंडीत ओटीजी लावला की सगळं घर शेकोटीसारखं त्याच्याभोवती जमतं, त्यामुळे ताटापर्यंत मिरच्या पोचल्याच नाहीत. कुटाने सुटलेलं तेल पितो कीस, म्हणून चिवट होत नाही. निदान माझी समजूत तशी.

---

मावशी६४
१३ फेब्रुवारी, रात्री ९:४०

हे मात्र करून बघेन. कूट जाडसर ठेव, पीठ करू नकोस.

---

गोदाकाठची
१५ फेब्रुवारी, रात्री १०:२५

अहवाल देते. लांबलाय, चहा घेऊन बसा.

काल दुपारी दिंडोरीकरांच्या सल्ल्याने रविवार कारंजावरून काळी द्राक्षं आणली, बी नसलेली. वडी पाऊण तास पाण्यात, एकदा पाणी बदललं. पहिलं पाणी चाखून पाहिलं, चांगलंच खारट. नंतर सासूबाईंच्या जुन्या पंचात गुंडाळून दाबून कोरडी केली. दुमड वाचवून आडवे आठ काप.

माळ्यावरचा ट्रे उतरवला. बाबा, तुम्हाला कसं कळलं?

एका बाजूला कांद्याच्या फोडी आणि लाल ढोबळी मिरची, एका बाजूला अर्धा किलो द्राक्षं, सगळ्याला तेल आणि भरपूर मिरी. मीठ घालायला हात उचलला होता, सासूबाईंनी मनगट धरलं. २२० वर वीस मिनिटं झाली तेव्हा द्राक्षं सुरकुतायला लागली होती, पाच-सहा फुटून जांभळा रस ट्रेवर बुडबुडत होता. तेव्हा हलूमी ठेवलं, वर चमचाभर तीळ. आणि काय सांगू, सातव्या मिनिटाला लाईट गेली.

मी ओव्हनचं दार उघडलं नाही. आतल्या उष्णतेवर बसू दिलं. वीस मिनिटांनी लाईट आली तेव्हा पुन्हा पाच मिनिटं फक्त वरचा रॉड. त्यामुळे वेळ नक्की किती ते मला विचारू नका. पण कापांच्या कडा तांबूस झाल्या, वरचा भाग खरपूस, आत मऊ आणि ती चीं चीं. द्राक्षांचा पाक कापांच्या खालून लागून जांभळी किनार आली होती. चपातीत गुंडाळून खाल्लं, वरून लिंबू.

मुलाने एकही तुकडा उडवला नाही. नवरा म्हणाला, "पनीरपेक्षा वेगळं आहे." याच्यापलीकडे त्याच्याकडून कौतुक निघत नाही, मी फ्रेम करून लावणार आहे. दोन काप उरले होते ते आज सकाळी गार खाल्ले आणि पुन्हा खोडरबर! गार झाल्यावर असंच होतं का?

---

लिमासोलची_नाशिककर
१५ फेब्रुवारी, रात्री १०:४०

असंच होतं. ओव्हनमधून काढलं की दहा मिनिटांत संपवायचं, पाहुणे आधी बसवायचे आणि मग ट्रे काढायचा. उरलंच तर किसून दुसऱ्या दिवशी ऑम्लेटात नाहीतर थालिपीठात. ओव्हनमध्ये पुन्हा तापवू नका, आणखी सुकतं.

---

ओटीजी_बाबा
१५ फेब्रुवारी, रात्री १०:५५

दार न उघडल्याबद्दल धागाकर्तीला माझ्याकडून पूर्ण गुण. फोटो कुठे आहे?

---

गोदाकाठची
१५ फेब्रुवारी, रात्री ११:०२

लाईट गेली तेव्हा सगळे फोन चार्जिंगविना मेलेले होते. :( पुढच्या वेळी. आता तिसरी वडी आणावी लागणार, नवऱ्याला सांगितलेलं नाही.

---

मावशी६४
१६ फेब्रुवारी, सकाळी ६:१०

थालिपीठात घालणार असशील तर भाजणीत मीठ घालू नकोस.

---

दिंडोरीकर
१६ फेब्रुवारी, सकाळी ६:४५

द्राक्षं इकत कशाला आणली ताई. मणी अजून दोन क्रेट पडलेत. शनिवारी सकाळी दहाच्या आत या, पिशवी आपली आणा. ते चीज एक तुकडा आणला तर आम्हीबी बघू.